साथीच्या काळातलं कॅम्पस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यार्थी, पालक, वॉर्डन, प्राध्यापक आणि प्रशासनातली मंडळी तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. ते इथे एका जागी आणले आहेत. बहुतेक उत्तरांना कोविडचा आधार आहे, कारण जगभरच्या विद्यापीठांना एकाच वेळी एवढे प्रयोग करायची वेळ त्याआधी आली नव्हती. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे, त्यामुळे सगळं पान वाचायलाच हवं असं नाही.

१. साथ आली की कॅम्पस बंद करावाच लागतो का?

नाही. आणि बंद करणं वाटतं तितकं सुरक्षितही नसतं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने गणिती मॉडेल करून पाहिलं, तेव्हा अनेकांना न पटणारा निष्कर्ष निघाला. वर्ग ऑनलाइन ठेवले तरी हजारो विद्यार्थी भाड्याच्या खोल्यांत राहायला गावात येणारच होते, आणि तिथे त्यांच्या चाचण्या करणं विद्यापीठाच्या हातात नव्हतं. त्यापेक्षा त्यांना कॅम्पसवर घेऊन ठरावीक दिवशी चाचणी केली तर बाधित कमी निघतील, असं मॉडेल सांगत होतं. कॉर्नेलने तेच केलं. पदवीच्या विद्यार्थ्यांची आठवड्यातून दोनदा चाचणी होऊ लागली.

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल कॅम्पसवर उलट घडलं. १० ऑगस्ट २०२० ला वर्ग भरले आणि आठवड्याभरातच पदवीचे वर्ग ऑनलाइन नेण्याची घोषणा करावी लागली. तिथल्या आरोग्य केंद्रात पॉझिटिव्ह येणाऱ्यांचं प्रमाण २.८ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेलं होतं. त्याच सुमाराला नोत्र दाम विद्यापीठाने मधला रस्ता धरला: दोन आठवडे प्रत्यक्ष वर्ग थांबवून ऑनलाइन घेतले, चाचण्या वाढवल्या आणि मग पुन्हा टप्प्याटप्प्याने सुरू केले. कुठला आकडा दिसला की थांबायचं आणि कुठला दिसला की पुन्हा सुरू करायचं, हे सत्र सुरू होण्याआधी लिहून जाहीर केलेलं असेल तर ऐनवेळी धावपळ होत नाही आणि अफवाही पिकत नाहीत.

२. नियम नक्की ठरवतं कोण? जागतिक आरोग्य संघटना, सरकार की कुलगुरू?

जागतिक आरोग्य संघटना शिफारस करते. ती कुठल्याही विद्यापीठाला बांधील करत नाही. देशाचा किंवा राज्याचा आरोग्य विभाग कायद्याने बांधील करू शकतो. विद्यापीठाला त्या चौकटीत राहून आणखी कडक व्हायची साधारणपणे मुभा असते, सैल व्हायची नसते. त्यामुळे शेजारच्या दोन विद्यापीठांचे नियम वेगळे दिसले तर लगेच कोणाची तरी चूक आहे असं समजू नका. एकाच्या हॉस्टेलमध्ये दोनशे जण राहतात, दुसऱ्याच्या पाच हजार.

३. विलगीकरण आणि क्वारंटाइन एकच ना?

नाही. विलगीकरण बाधित व्यक्तीसाठी असतं. क्वारंटाइन बाधिताच्या संपर्कात आलेल्या, पण अजून बरं वाटत असलेल्या व्यक्तीसाठी. दोघांना एकाच इमारतीत, एकाच बाथरूमवर ठेवलं तर दुसऱ्या गटाला आजार आपणच दिल्यासारखं होतं. ही चूक कागदावर कधी होत नाही. खोल्या संपल्या की होते.

४. वर्गात सहा फूट अंतर ठेवलं की पुरे ना?

अंतराने खोकल्या-शिंकेतून उडणारे मोठे थेंब टळतात. पण श्वासातून आणि बोलण्यातून बाहेर पडणारे अतिसूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात आणि बंद खोलीभर पसरतात. कोपऱ्यात कोणी सिगारेट ओढली तर सहा फुटांवरच्या माणसाला वास येत नाही असं होत नाही, इथेही तसंच. शिवाय वर्गात माणसं दोन मिनिटं नव्हे, तास-तास बसलेली असतात आणि त्यातला एक जण सलग मोठ्या आवाजात बोलत असतो.

म्हणून श्वसनाच्या साथीत खरा हिशेब तीन गोष्टींचा असतो: खोलीत किती माणसं, किती वेळ, आणि हवा किती वेळा बदलते. जमिनीवर चिकटवलेले पिवळे गोल सगळ्यांना दिसतात, हवा दिसत नाही. त्यामुळे कित्येक ठिकाणी पैसे गोलांवर खर्च झाले आणि पंखे तसेच राहिले.

मास्क याच हिशेबातला चौथा भाग. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ प्रकारचा मास्क सैल कापडी मास्कपेक्षा बराच जास्त उपयोगी पडतो. बोलणाऱ्याने मास्क काढायचा आणि ऐकणाऱ्यांनी घालायचा, हा कित्येक सभागृहांतला रिवाज मात्र उलटा आहे.

५. वर्गातली हवा खेळती आहे हे कळणार कसं?

कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या छोट्या मीटरने. बाहेरच्या हवेत हा वायू साधारण ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग, असतो. माणूस जी हवा बाहेर सोडतो तिच्यात तो ४०,००० पीपीएमच्या आसपास असतो. आता भरलेल्या वर्गात मीटर १,२०० दाखवत असेल तर बाहेरच्यापेक्षा जास्तीचे ७८० पीपीएम लोकांच्या फुफ्फुसांतून आले आहेत. म्हणजे तिथल्या प्रत्येकाच्या श्वासातली सुमारे दोन टक्के हवा आधी दुसऱ्या कोणाच्या तरी छातीत जाऊन आलेली आहे. हे एकदा समजावून सांगितलं की खिडकी उघडायला कोणाला दोनदा सांगावं लागत नाही. ८०० च्या खाली आकडा राहिला तर वर्ग चांगला समजायला हरकत नाही. १,५०० च्या वर गेला तर लगेच काहीतरी करायला हवं.

मीटर ठेवण्यातही खुबी आहे. खिडकीत ठेवला तर तो बाहेरची हवा मोजतो, प्राध्यापकांच्या टेबलावर तोंडासमोर ठेवला तर त्यांचाच श्वास. बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, खोलीच्या आतल्या भागात, कोणाच्याही थेट समोर नाही असा ठेवावा. आणि आकडा तास सुरू होताना पाहून उपयोग नाही. वर्ग भरून अर्धा-पाऊण तास झाल्यावर पाहावा.

एक मर्यादा लक्षात ठेवा. खोलीत हवा गाळणारं यंत्र असेल किंवा सगळ्यांनी मास्क घातले असतील, तर धोका कमी होतो, पण मीटरचा आकडा कमी होत नाही. फिल्टर कण अडवतो, वायू अडवत नाही.

६. आमच्या सभागृहाच्या खिडक्याच उघडत नाहीत. मग?

आधी एसी बाहेरची हवा आत घेतो की आतलीच फिरवतो, हे देखभाल विभागाला विचारा. भिंतीवरचे स्प्लिट एसी बहुधा आतलीच हवा फिरवतात. केंद्रीय यंत्रणा असेल तर बाहेरच्या हवेचं प्रमाण वाढवता येतं आणि जास्त बारीक फिल्टर बसवता येतो. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, मे २०२३ मध्ये तासाला किमान पाच वेळा स्वच्छ हवा बदलेल असं लक्ष्य सुचवलं.

यंत्रणाच नसेल तर चौकोनी पंख्याला चार किंवा पाच फिल्टर चिकटपट्टीने जोडून केलेला खोका कामाला येतो. अभियांत्रिकीचे प्राध्यापक रिचर्ड कोर्सी आणि फिल्टरच्या व्यवसायातले जिम रोझेंथल यांच्या नावाने तो ओळखला जातो. अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांनीच असे खोके बनवले. दिसायला ओबडधोबड आणि आवाज थोडा जास्त. मागच्या बाकांवरून तक्रार आली तर पंख्याचा वेग एक घर कमी करा, पण बंद करू नका.

दोन लेक्चरच्या मध्ये दहा मिनिटांची सुट्टी ठेवली की हवा साफ होते, असा समज आहे. तासाला पाच वेळा हवा बदलत असेल तर दहा मिनिटांत आधीच्या कणांपैकी निम्म्याहून थोडे जास्त जातात. ९९ टक्के जायला पाऊण तासाहून जास्त वेळ लागतो.

७. बाकं, दारांच्या मुठी, लायब्ररीतली पुस्तकं रोज फवारायला हवीत का?

श्वसनाच्या साथीत नाही. एप्रिल २०२१ मध्ये सीडीसीने सांगितलं, की दूषित पृष्ठभागाला हात लागून कोविड होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजार स्पर्शांत एकाहूनही कमी आहे. सुरुवातीला हे माहीत नव्हतं, त्यामुळे परत आलेली पुस्तकं तीन-तीन दिवस बाजूला ठेवणं तेव्हा चुकीचं नव्हतं. माहिती आल्यावरही ते चालू ठेवणं मात्र श्रम वाया घालवणं होतं. नेहमीची साफसफाई आणि साबणाने हात धुणं पुरतं. पुस्तकांवर जंतुनाशक मारू नका. आजार टळतो की नाही ते सोडा, बांधणी नक्की सुटते. पोटाच्या आजारांची गोष्ट वेगळी आहे, त्यासाठी प्रश्न २४ पाहा.

८. हॉस्टेलमध्ये रूममेटपासून अंतर कसं ठेवायचं?

ठेवता येत नाही, आणि ठेवा असं सांगणारी नोटीस कोणी वाचतही नाही. आठ तास एकाच खोलीत झोपणाऱ्या दोघांना दिवसा जेवणाच्या टेबलावर लांब बसवून काही साधत नाही. शहाणपणाचा मार्ग म्हणजे एक खोली, किंवा एकाच बाथरूमवर असलेल्या तीन-चार खोल्या, हे एक कुटुंब धरायचं. आतमध्ये बंधनं नाहीत, बाहेरच्यांशी आहेत. केंब्रिज विद्यापीठाने २०२० च्या शरद सत्रात हीच कल्पना चाचणीलाही लावली: कॉलेजात एकत्र राहणाऱ्या गटाचे नमुने एकाच नळीत टाकून दर आठवड्याला तपासायचे, आणि नळी पॉझिटिव्ह आली तरच प्रत्येकाची वेगळी चाचणी करायची.

दुसरी तयारी रिकाम्या खोल्यांची. सगळ्या खोल्या भरून सत्र सुरू केलं की पहिला बाधित सापडल्यावर त्याला ठेवायचं कुठे हा प्रश्न रात्री अकरा वाजता वॉर्डनसमोर येतो. काही खोल्या, शक्यतो वेगळ्या मजल्यावर आणि स्वतंत्र बाथरूमच्या, मोकळ्या सोडाव्याच लागतात. त्या खोलीत काय आहे हेही आधी पाहून ठेवा: चार्जरला प्लग पॉइंट, वायफायची रेंज, पिण्याचं पाणी, थर्मामीटर, खिडकी उघडते का. तीन वेळचं जेवण दाराशी कोण ठेवणार, त्याचं नाव आणि फोन नंबर दारावर लिहिलेला असावा. एकट्या पडलेल्या मुलाला दिवसातून एकदा कोणीतरी फोन करून "कसा आहेस, काय हवं" एवढं विचारायला हवं. तब्येतीच्या गुंतागुंतीही अशा फोनमध्येच लवकर कळतात.

आणि कुंपणं घालू नका. नोव्हेंबर २०२० मध्ये मँचेस्टर विद्यापीठाने फॅलोफील्डच्या वसतिगृहांभोवती न सांगता उंच जाळ्या उभ्या केल्या. विद्यार्थ्यांनी त्या त्याच दिवशी पाडल्या आणि विद्यापीठाला माफी मागावी लागली.

९. सत्राच्या सुरुवातीला सगळ्यांची एकदा चाचणी केली की झालं ना?

एक चाचणी त्या दिवसापुरतं सांगते. काल लागण झालेला माणूस आज निगेटिव्ह येतो आणि परवा दुसऱ्यांना देऊ लागतो. म्हणून येताना एक, काही दिवसांनी दुसरी, आणि साथ जोरात असेल तर ठरावीक अंतराने पुढे चालू.

चाचणीचा निकाल यायला चार दिवस लागत असतील तर तिचा कॅम्पससाठी फारसा उपयोग नाही. थोडी कमी अचूक पण लगेच निकाल देणारी चाचणी वारंवार केली तर ती जास्त कामाची ठरते.

१०. हॉस्टेलच्या सांडपाण्यातून आजार कळतो, हे खरं का?

हो. लागण झालेल्यांच्या विष्ठेतून विषाणूचे अंश बाहेर पडतात, बऱ्याचदा लक्षणं दिसण्याआधीच. ऑगस्ट २०२० मध्ये ॲरिझोना विद्यापीठाने एका वसतिगृहाच्या सांडपाण्यात विषाणू सापडल्यावर तिथल्या ३११ जणांची चाचणी केली. दोघे पॉझिटिव्ह निघाले, आणि दोघांनाही कसलाच त्रास नव्हता. ते वेळीच वेगळे झाले.

ही पद्धत इमारत सांगते, माणूस सांगत नाही. पुढची चाचणी करावीच लागते. अनेक इमारतींचं पाणी एकाच चेंबरमध्ये येत असेल तर नमुना कुठल्या इमारतीचा हेच कळत नाही. त्यामुळे आधी ड्रेनेजचा नकाशा शोधावा लागतो, आणि जुन्या कॅम्पसवर तो सापडणं हेच मोठं काम असतं.

११. घरी केलेली अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली, पण खोकला आहे. लेक्चरला जाऊ का?

जाऊ नका. लक्षणं असताना एक निगेटिव्ह अँटिजेन पुरेशी नसते. ४८ तासांनी पुन्हा करा. आणि दुसरीही निगेटिव्ह आली तरी खोकला फ्लूचा असू शकतो, तोही वर्गात वाटायची गरज नाही. हजेरीची काळजी असेल तर पुढचं उत्तर वाचा.

१२. आजारी आहे असं कळवलं तर हजेरी जाईल, इंटर्नल बुडेल. मग कळवायचं कशाला?

आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि विचारणारा चूक नाही. खरं बोलणाऱ्याचं नुकसान होत असेल तर लोक पॅरासिटामोल घेऊन वर्गात येणारच.

इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन कॅम्पसचं उदाहरण पाहा. त्यांनी लाळेवरची स्वतःची चाचणी विकसित केली, आठवड्यातून दोनदा ती सक्तीची केली, आणि निकाल निगेटिव्ह असेल तरच मोबाइल ॲप इमारतीत शिरायची परवानगी दाखवत असे. मॉडेल करणाऱ्यांनी विद्यार्थी पार्ट्या करतील हेही धरलं होतं. पॉझिटिव्ह आल्याचं माहीत असूनही काही जण पार्टीला जातील, हे धरलं नव्हतं. २०२० च्या सत्राच्या सुरुवातीलाच आकडे उसळले. चाचणी उत्तम होती. माणसाने निकालानंतर काय करायचं, त्याला ते परवडतं का, हा भाग यंत्रातून सुटत नाही. पुढे तिथे कडक निर्बंध आणि कारवाई करून आकडे खाली आणले गेले. पण कारवाईचा उपयोग पार्टीसाठी होतो. परीक्षा बुडेल म्हणून लपवणाऱ्यावर कारवाईची धमकी दिली तर तो आणखी लपवतो.

विद्यापीठाच्या हातात असलेल्या गोष्टी साध्या आहेत. ठरावीक दिवसांपर्यंतच्या आजारपणाला डॉक्टरांचं सर्टिफिकेट मागू नये. साथीत दवाखान्याची रांग हीच संसर्गाची जागा असते. पाच इंटर्नलपैकी चांगल्या चारांचे गुण धरावेत, म्हणजे एक बुडाली तर अर्जच करावा लागत नाही. फेरपरीक्षेची तारीख मूळ वेळापत्रकातच छापावी. प्रत्येक सवलतीसाठी विभागप्रमुखांची सही लागली की सवलत कागदावरच राहते. विद्यार्थ्यांनी एवढं करावं: लेखी कळवावं, म्हणजे ईमेलवर, आणि ती तारीख जपून ठेवावी.

१३. मी पॉझिटिव्ह आलो तर सगळ्या वर्गाला माझं नाव कळेल का?

कळता कामा नये. संपर्कात आलेल्यांना दिवस आणि ठिकाण सांगतात, नाव नाही. पण बारा जणांच्या वर्गात एक जण गैरहजर असेल तर अंदाज बांधायला फार हुशारी लागत नाही. अशा छोट्या वर्गांत पूर्ण वर्गाला एकच सूचना पाठवणं बरं: "गेल्या आठवड्यात या वर्गात संसर्गाची शक्यता होती, चाचणी करून घ्या." वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेली बाधितांची यादी कोणीही पुढे पाठवू नये, ती कोणी पाठवली याची तक्रार करता येते.

१४. प्रॅक्टिकल ऑनलाइन कसं होणार?

काही होतात, काही होत नाहीत. सिम्युलेशनवर सर्किट समजतं, पण सोल्डरिंगचा हात बसत नाही. तो हात बसावा लागतो अशीच प्रॅक्टिकल प्रत्यक्ष ठेवावीत आणि बाकीचं तयारीचं काम, म्हणजे सिद्धांत, व्हायवा, जर्नल, ऑनलाइन न्यावं. बॅच अर्धी करून वेळ दुप्पट करण्याचा खर्च प्रयोगशाळा सहायकांवर पडतो, हे वेळापत्रक करणारे हमखास विसरतात. फ्यूम हूड, म्हणजे वाफा ओढून बाहेर टाकणारं कपाट, चालू असलेल्या रसायनशाळेत हवा बऱ्याच वर्गखोल्यांपेक्षा चांगली असते. घाबरायचंच असेल तर शेजारच्या स्टाफरूमला घाबरा.

१५. गायन, नाटक, खेळ, दीक्षान्त समारंभ?

गाताना बोलण्यापेक्षा बरेच जास्त कण बाहेर पडतात. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका समूहगायनाच्या अडीच तासांच्या तालमीला ६१ जण होते. त्यांतल्या पन्नासहून अधिक जणांना लागण झाली. तालीम उघड्यावर, छोट्या गटात, थोड्या वेळाची करा. मैदानी खेळ बहुतेक वेळा सुरक्षित असतात. धोका कपडे बदलायच्या खोलीत आणि बसमध्ये असतो.

दीक्षान्त समारंभ अनेकांनी ऑनलाइन केला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसवरच्या विद्यार्थ्यांनी तर मे २०२० मध्ये माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेममध्ये आपला कॅम्पस उभारून तिथे समारंभ साजरा केला. सगळ्यांना जमेल असं नाही, पण छापील भाषण व्हिडिओवर वाचून दाखवण्यापेक्षा बरं.

१६. ऑनलाइन परीक्षेत कॅमेरा फिरवून खोली दाखवायला सांगतात. नकार देता येतो का?

देशागणिक कायदा वेगळा आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका फेडरल न्यायालयाने क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाच्या खटल्यात असं खोली दाखवायला लावणं घटनाबाह्य ठरवलं. निकाल तिकडचा असला तरी मुद्दा सगळीकडे लागू होतो: एका खोलीत पाच माणसं राहत असतील तर कॅमेरा फक्त परीक्षार्थीला दाखवत नाही. पुस्तक उघडून लिहायची पण विचार करायला लावणारी प्रश्नपत्रिका काढली तर पाळतीची गरज पुष्कळ कमी होते. ती काढायला मेहनत जास्त पडते, हे प्राध्यापकांचं म्हणणंही खरं आहे.

१७. परीक्षा न घेता पास करता येतं का?

दोन वेगळ्या गोष्टींची इथे गल्लत होते. एक, श्रेणीऐवजी फक्त उत्तीर्ण नोंदवणं: एमआयटीने २०२० च्या वसंत सत्रात तशी आणीबाणीची पद्धत वापरली. दुसरी, अंतिम परीक्षा न घेताच पदवी देणं. भारतात यावर वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २८ ऑगस्ट २०२० च्या निकालात न्यायालयाने म्हटलं, की राज्यं अंतिम वर्षाची परीक्षा पुढे ढकलायची मागणी करू शकतात, पण परीक्षा न घेता विद्यार्थ्यांना उत्तीर्ण करू शकत नाहीत.

१८. वर्ग ऑनलाइन झाले तर फी परत मिळते का?

शिकवणी शुल्क क्वचित, हॉस्टेल आणि मेसचे पैसे बऱ्याचदा. न वापरलेल्या खोलीचा हिशेब मांडता येतो. "शिकवण्याचा दर्जा कमी झाला" हे सिद्ध करणं अवघड जातं. मँचेस्टरच्या विद्यार्थ्यांनी भाडं रोखून आंदोलन केल्यावर पहिल्या सत्राच्या भाड्यात ३० टक्के सूट मिळाली. अर्ज करताना जिमखाना, लायब्ररी, प्रयोगशाळा अशी शुल्कं वेगवेगळी लिहा. एकत्र रकमेवर निर्णय लटकतो.

१९. विद्यापीठ लस सक्तीची करू शकतं का?

काही देशांत हो. अमेरिकेत रटगर्स विद्यापीठाने मार्च २०२१ मध्ये ती जाहीर केली आणि पुढे शेकडो संस्थांनी तेच केलं. इंडियाना विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी आव्हान दिलं, पण ऑगस्ट २०२१ मध्ये अपील न्यायालयाने आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनीही सक्तीला स्थगिती दिली नाही. वैद्यकीय सूट सगळीकडे असते, धार्मिक सूट काही ठिकाणी. वैद्यकीय आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना मात्र रुग्णालयाचे नियम लागतात, आणि ते विद्यापीठापेक्षा कडक असतात.

२०. मेसचे कामगार, सफाई कर्मचारी, सुरक्षारक्षक यांचं काय?

ते रोज बाहेरून येतात, सगळ्या इमारतींत फिरतात, आणि बऱ्याचदा कंत्राटी असतात. म्हणजे आजारी पडले तर त्या दिवसाची मजुरी गेली. प्रश्न १२ मध्ये विद्यार्थ्याच्या हजेरीबद्दल जे लिहिलं तेच इथे मजुरीला लागू आहे. कंत्राटातच आजारपणाच्या पगारी रजेचं कलम घातलं नाही तर बाकीची सगळी नियमावली मेसच्या मागच्या दाराने गळते. मास्क, चाचणी आणि लस यांच्या यादीतही त्यांची नावं कर्मचाऱ्यांबरोबरच हवीत. "एजन्सी बघेल" म्हटलं की कोणीच बघत नाही.

२१. माझी प्रतिकारशक्ती कमी आहे. सगळ्यांचे मास्क उतरले, मी काय करू?

विद्यापीठाच्या अपंगत्व किंवा विद्यार्थी साहाय्य कक्षाकडे लेखी मागणी करा: रेकॉर्ड केलेली लेक्चर, खिडकीजवळची जागा, वर्गात हवा गाळणारं यंत्र, परीक्षेला वेगळी खोली. एकाच्या गरजेने अख्ख्या वर्गाला मास्क सक्तीचा होईलच असं नाही, पण या चार गोष्टी नाकारायला विद्यापीठाकडे फारसं कारण उरत नाही. स्वतः घट्ट बसणारा मास्क घातला तर समोरच्याने घातला नसला तरी बरंच संरक्षण मिळतं.

ऐकू कमी येणाऱ्या विद्यार्थ्यांना मास्क हाच अडथळा होतो, कारण ओठ दिसत नाहीत. त्यांच्यासाठी पारदर्शक मास्क किंवा बोललेले शब्द पडद्यावर उमटवणारी सोय लागते. प्राध्यापकाला माइक द्या. त्याचा फायदा मागच्या रांगेतल्या सगळ्यांनाच होतो.

२२. परदेशात शिकतोय. वर्ग ऑनलाइन झाले तर व्हिसा जातो का?

जाऊ शकतो, आणि नियम एका आठवड्यात उलटूही शकतो. ६ जुलै २०२० ला अमेरिकेने जाहीर केलं, की फक्त ऑनलाइन शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना देशात राहता येणार नाही. हार्वर्ड आणि एमआयटीने दोन दिवसांत खटला भरला आणि १४ जुलैला सरकारने तो आदेश मागे घेतला. अशा वेळी एजंटचं किंवा सीनियरचं ऐकून तिकीट काढू नका. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षाकडून लेखी उत्तर मिळेपर्यंत थांबा.

२३. सुट्टीत घरी जाऊ की हॉस्टेलवरच राहू?

घरी वयस्कर किंवा आजारी माणूस असेल तर जाण्याआधी चाचणी करा आणि प्रवासात मास्क ठेवा. विद्यापीठांनी यासाठी वेळापत्रकच हलवलं. इंग्लंडमध्ये डिसेंबर २०२० मध्ये ३ ते ९ तारखेदरम्यान विद्यार्थ्यांनी टप्प्याटप्प्याने घरी जावं असं ठरलं. अमेरिकेत अनेकांनी नोव्हेंबरच्या सुट्टीनंतर विद्यार्थ्यांना परत बोलावलंच नाही, उरलेलं सत्र ऑनलाइन संपवलं. ज्यांना घर नाही किंवा जिथे अभ्यासाला जागा नाही, त्यांच्यासाठी हॉस्टेलचा एक मजला सुट्टीतही उघडा ठेवावा लागतो.

बऱ्याच दिवसांनी परतणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी नोटिशीत क्वचित असते. महिनोन्महिने बंद असलेल्या इमारतीच्या नळांत साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढू शकतात, आणि त्या पाण्याचे तुषार श्वासात गेले तर गंभीर न्यूमोनिया होतो. विद्यार्थी येण्याआधी सगळे नळ आणि शॉवर सोडून पाइपमधलं जुनं पाणी पूर्ण काढून टाकणं हे देखभाल विभागाचं काम आहे. खोलीत आल्यावर पाणी लालसर दिसलं किंवा वास आला तर अंघोळ करू नका, आधी कळवा.

२४. पुढची साथ कोविडसारखी नसली तर हेच नियम चालतील का?

सरसकट नाही. आधी आजार कसा पसरतो ते पाहावं लागतं.

गोवराचा विषाणू माणूस खोलीतून गेल्यावरही हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. त्यामुळे प्रश्न ४ ते ६ मधलं हवेचं सगळं लागू होतं, पण खरा आधार लसीकरणाच्या नोंदींचा असतो. प्रवेशाच्या वेळीच त्या घेतल्या असतील तर कोणाला घरी बसवायचं हे तासाभरात ठरतं, नाहीतर अख्खं हॉस्टेल बसवावं लागतं. पुरळ उठल्यापासून चार दिवस बाधिताला वेगळं ठेवतात.

नोरोव्हायरसमुळे उलट्या-जुलाब होतात आणि तो हातांवरून, अन्नातून, पृष्ठभागांवरून पसरतो. इथे प्रश्न ७ मधलं उत्तर उलटं होतं: फवारणी आणि पुसणं महत्त्वाचं ठरतं, तेही क्लोरीनच्या द्रावणाने. अल्कोहोलचं सॅनिटायझर या विषाणूवर नीट चालत नाही, साबण आणि पाणीच हवं. मेसमध्ये आजारी पडलेल्या आचाऱ्याने बरं वाटल्यावरही किमान दोन दिवस अन्नाला हात लावू नये, म्हणजे पुन्हा पगारी रजेचा प्रश्न आला (प्रश्न २०).

जिवाणूंमुळे होणाऱ्या मेंदुज्वरात कॅम्पस बंद करायची गरज सहसा नसते. रूममेट, जोडीदार अशा अगदी जवळच्यांना प्रतिजैविकं तातडीने द्यावी लागतात. तिथे वेळ तासांत मोजतात, त्यामुळे आरोग्य केंद्राचा रात्रीचा फोन उचलला जातो का, हे आजच एकदा लावून पाहा.